वीर आणि वृक : ‘वेअरवुल्फ’ या शब्दावर स्वोपज्ञ भाष्य

भाष्याला आधी सूत्र लागते. इथे दुसऱ्या कोणाची संहिता हाती घेतलेली नाही. शब्द एकच आहे, इंग्रजी ‘वेअरवुल्फ’: लांडगा होणारा माणूस. त्याच्याविषयी मला जे सांगायचे आहे ते दहा छोट्या ओळींत बांधले आणि त्या ओळींचा अर्थ खाली उलगडला. मूळही आपले आणि टीकाही आपली अशा रचनेला जुने पंडित ‘स्वोपज्ञ’ म्हणत. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रावरचे एक भाष्य श्वेतांबर परंपरेत असेच स्वोपज्ञ मानले जाते. सूत्रे करून मग ती उलगडण्याची शिस्त मराठीत महानुभावांनी जपली. तिचा आधार मला मोठा वाटतो, कारण शब्दाची चौकशी करताना एकेका पदावर थांबावे लागते आणि ही शिस्त ते थांबणे शिकवते.

१. पूर्वपद गेले, उत्तरपद राहिले.

‘पूर्वपद’ म्हणजे ‘वेर’. जुन्या इंग्रजीत वेर म्हणजे पुरुष. लॅटिन ‘विर’, गॉथिक ‘वाइर’, जुने आयरिश ‘फेर’, लिथुएनियन ‘वीरस’, अवेस्तन ‘वीर’ आणि आपला ‘वीर’ ही सगळी एकाच घरची मंडळी. खून झाला तर मेलेल्याच्या कुळाला जी भरपाई द्यावी लागे तिला इंग्लंडात ‘वेरगिल्ड’ म्हणत, म्हणजे माणसाचे मोल. जगाला इंग्रजीत ‘वर्ल्ड’ म्हणतात त्यातही हाच वेर आहे. त्याचे जुने रूप ‘वेओरोल्ड’, अर्थ माणसाचे युग. पुढे ‘मॅन’ या शब्दाने वेरची जागा घेतली आणि तेराव्या शतकानंतर वेर बोलण्यातून नाहीसा झाला. ‘गेले’ म्हटले ते यासाठी. ‘वुल्फ’ मात्र हजार वर्षांत जागचा हलला नाही.

समासातल्या एका पदाचा अर्थ विसरला गेला की लोक त्या पोकळीत आपला अर्थ भरतात. जर्मन ‘वेअरवोल्फ’चे तसेच झाले. हेर्मान ल्योन्सने १९१० साली तीस वर्षांच्या युद्धातल्या शेतकऱ्यांवर कादंबरी लिहिली आणि तिच्या नावात एक ‘एच’ वाढवला. उच्चार तोच राहिला, पण पूर्वपद आता ‘वेअर’ म्हणजे संरक्षण असे झाले. माणूस गेला आणि त्याच्या जागी तटबंदी आली. १९४४ मध्ये हरत चाललेल्या नाझींनी शत्रूच्या पिछाडीला गनिमी हल्ले करण्याची योजना आखली, तिला त्यांनी वेअरवोल्फ हेच नाव दिले.

इंग्रजीत याहून वेगळे घडले. तिथे ‘वेअर-’ हा रूप पालटण्याचा उपसर्ग होऊन बसला. वेअरटायगर, वेअरबेअर असे शब्द निघाले. २००५ साली आलेल्या एका इंग्रजी चित्रपटात तर वेअररॅबिट, म्हणजे ससा होणारा माणूस आहे. ज्या पदाचा अर्थ ‘माणूस’ होता त्याचा अर्थ आता ‘बदलणारा’ असा घेतला जातो.

शंका : पूर्वपद ‘वेर’च कशावरून? जुन्या इंग्रजी नोंदीत शब्द ‘वेरेवुल्फ’ असा येतो. मधला ‘ए’ कुठून आला? समाधान : ही अडचण खरी आहे, आणि इंग्रजी कोशकारांनी तिच्यावर बोट ठेवलेले आहे. काहींनी ‘वेर’ऐवजी ‘नेसणे, पांघरणे’ या अर्थाचा धातू सुचवला, जो आपल्या ‘वस्’ या धातूचा सगोत्र आहे. मग अर्थ होतो लांडगा पांघरलेला. मला पहिलीच व्युत्पत्ती ग्राह्य वाटते, कारण तेराव्या शतकाच्या आरंभी, शब्द जिवंत असताना, टिलबरीच्या गर्व्हेसने सम्राट चौथ्या ऑटोसाठी लिहिलेल्या आपल्या लॅटिन ग्रंथात पूर्वपदाचा अर्थ ‘माणूस’ असाच दिला आहे. पण दुसऱ्या व्युत्पत्तीतले पांघरूण विसरू नये. ते सातव्या सूत्रात पुन्हा येईल.

२. आपल्याकडे उलटे झाले.

‘उलटे’ म्हणजे पूर्वपद राहिले आणि उत्तरपद गेले. ‘वुल्फ’चा संस्कृत सगोत्र ‘वृक’. रशियन ‘वोल्क’, लिथुएनियन ‘विल्कस’, ग्रीक ‘लुकोस’, लॅटिन ‘लुपुस’, फारसी ‘गुर्ग’ हे त्याचे भाऊबंद. कास्पियन समुद्राच्या आग्नेयेला इराणात गोरगान नावाचे शहर आहे. त्या प्रांताचे जुने पारशी नाव ‘वर्कान’ होते, लांडग्यांचा मुलूख.

म्हणजे वेअरवुल्फ हा शब्द संस्कृतात न्यायचा तर भाषांतर करायची गरजच नाही. दोन्ही पदे आपली आहेत. नुसते ध्वनी बदलायचे आणि ‘वीरवृक’ म्हणायचे. असा शब्द संस्कृतात कोणी केला नाही, पण त्याची दोन्ही अंगे तिथे तयार होती.

मराठीत आज काय उरले ते पाहा. वीर जागोजाग आहे. वीरगळ आहे, परमवीर आहे, नाशकात धुळवडीला निघणारे वीर आहेत. कोकणातल्या भुतांच्या यादीत मुंजा, समंध, खवीस यांच्या शेजारी ‘वीर’ नावाचे भूतही आहे. वृक मात्र गेला. तो भीमाच्या ‘वृकोदर’ या नावात अडकून राहिला, तेही पोथीतच. माळरानावरच्या जनावराला धनगर ‘लांडगा’ म्हणतो, आडनावही लांडगे असेच असते. त्या जनावराकडे पाहून कोणाला वृक आठवत नाही. इंग्रजांनी शब्दातला माणूस हरवला आणि लांडगा सांभाळला. आपण माणूस सांभाळला आणि लांडगा हरवला. हे माझ्या लक्षात आले तेव्हापासून हा शब्द मला परका वाटेनासा झाला, आणि हे भाष्य लिहावेसे वाटले तेही त्यामुळेच.

लिथुएनियन भाषेत दोन्ही जिवंत आहेत, वीरसही आणि विल्कसही. तरी तिथल्या लोकांनी नरवृकासाठी ते दोन जोडले नाहीत. ते ‘विल्कोलाकिस’ किंवा ‘विल्कताकिस’ म्हणतात, आणि यातल्या दुसऱ्याचा अर्थ ‘लांडगा होऊन धावणारा’ असा लावतात. सगळे सामान घरात असले म्हणजे शब्द घडतोच असे नाही.

३. वृक फाडतो, चंद्रही वृकच.

ही ओळ वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या यास्काच्या आधाराने केली आहे. निरुक्तात त्याने ‘वृक’ हा एकच शब्द चार-पाच ठिकाणी नेऊन बसवला. फाडतो म्हणून श्वापद वृक, आणि जमीन फाडतो म्हणून नांगरही वृक. अंधार दूर सारतो म्हणून सूर्य वृक. ज्याचा प्रकाश उघडा पडलेला आहे तो चंद्रही वृक. आपल्या ‘लांडगेतोड’ या शब्दात फाडण्याचा अर्थ अजून ताजा आहे. पण चंद्र कसा?

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या १०५व्या सूक्तात विहिरीत पडलेला त्रित देवांना हाका मारतो. तिथे तांबूस वृकाने ‘मला एकदा पाहिले’ असे शब्द आहेत. शाकल्याच्या पदपाठात ‘मा’ आणि ‘सकृत्’ अशी दोन पदे आहेत: मला, एकदा. यास्क ती जोडून ‘मासकृत्’ वाचतो, महिने करणारा. महिने करणारा म्हणजे चंद्र. एका पदच्छेदावर लांडग्याचा चंद्र झाला.

व्याकरणदृष्ट्या मला शाकल्याचे बरोबर वाटते. विहिरीत अडकलेल्या माणसाला काठावरून लांडगा दिसतो, यात भीतीचा सच्चेपणा आहे. तरीही यास्काची कल्पना मनातून जात नाही, कारण युरोपातही लांडगा आणि चंद्र असेच एकमेकांजवळ आले. पौर्णिमेला नरवृक रूप पालटतो हे आज सर्वांना ठाऊक असते, पण हा नियम मुख्यतः १९३५ नंतरच्या हॉलिवूड चित्रपटांनी पक्का केला. त्याआधी चंद्राचा संबंध तुरळक दिसतो. इंग्लंडात चंद्राच्या फेऱ्यांबरोबर माणसे लांडगे होतात असे गर्व्हेस लिहितो, आणि रोमन लेखक पेत्रोनियुसच्या पहिल्या शतकातल्या गोष्टीत चांदणे दिवसासारखे पडलेले असते. बहुतेक जुन्या कथांत मात्र चंद्र नाहीच.

४. पहिल्या नोंदीत कोणी लांडगा होत नाही.

जुन्या इंग्रजीत हा शब्द सापडतो तो क्नूट राजाच्या धर्मविषयक कायद्यांत, १०२०च्या आसपास. ते कायदे लिहिले यॉर्कचा आर्चबिशप वुल्फस्टन याने. संदर्भ असा: बिशप आणि धर्मगुरू हे मेंढपाळ आहेत, त्यांनी कळप राखावा, नाहीतर पिसाट भुकेचा ‘वेरेवुल्फ’ त्यातली मेंढरे फाडील. हा वेरेवुल्फ म्हणजे सैतान. इथे कोणी कातडे पांघरत नाही, कोणी रात्री रानात जात नाही. शब्द आहे, गोष्ट नाही.

वुल्फस्टन या नावाचा अर्थ ‘लांडगा-दगड’. तो स्वतःला लॅटिनमध्ये ‘लुपुस’, म्हणजे लांडगा, म्हणवून घेई. डेन लोकांच्या स्वाऱ्यांनी इंग्लंड खचले असता १०१४च्या सुमारास त्याने इंग्रजांना उद्देशून प्रवचन केले, ते ‘लांडग्याचे प्रवचन’ म्हणूनच प्रसिद्ध आहे. लांडग्याचे नाव घेतलेला माणूस कळपाला लांडग्यापासून सावध करतो. नुसता ‘वुल्फ’ त्याला पुरला नसावा. स्वतःचे नाव आणि सैतानाचे नाव यांत अंतर ठेवायला त्याला वेगळा शब्द हवा होता, असे माझे अनुमान आहे. अनुमानापलीकडे त्याला पुरावा नाही.

जवळजवळ त्याच वर्षांत ऱ्हाइनकाठच्या वर्म्स गावचा बिशप बुर्खार्ट पापांची कबुली घेण्यासाठी प्रश्नावली तयार करत होता. त्यातला एक प्रश्न असा: जन्माच्या वेळी दैवदेवता माणसाला हवे तेव्हा लांडगा होण्याची शक्ती देतात, ज्याला अडाणी लोक वेअरवोल्फ म्हणतात, असे तू मानलेस काय? इथे मात्र गोष्ट आहे. आणि पाप आहे ते गोष्ट खरी मानण्याचे, लांडगा होण्याचे नव्हे. पुढे सोळाव्या शतकात लांडगा झाल्याच्या आरोपावरून माणसे जाळली गेली, तेव्हा ही जुनी सावधगिरी चर्चच्या हातून पूर्ण सुटलेली होती.

५. विग्रहात ‘सारखा’ धरू नये.

हे सूत्र समासाविषयी आहे. ‘पुरुषव्याघ्र’ या शब्दाला पाणिनीने नियम दिला: व्याघ्रादी शब्दांशी उपमेयाचा समास होतो, मात्र दोघांतला समान धर्म बोलून दाखवलेला नसावा. विग्रह असा, ‘व्याघ्रासारखा पुरुष’. महाभारतात राजे एकमेकांना पुरुषव्याघ्र म्हणतात ते याच अर्थी. माणूस माणूसच राहतो, वाघाचे शौर्य तेवढे उसने घेतो.

परंतु पाणिनीच्या आधीचा पुरुषव्याघ्र वेगळा आहे. शुक्ल यजुर्वेदाच्या ३०व्या अध्यायात पुरुषमेधाची लांबलचक यादी येते. तिथे पुरुषव्याघ्र ही ज्याला काही अर्पण करायचे अशी एक सत्ता आहे आणि तिच्या वाट्याला उन्मत्त माणूस येतो. शतपथ ब्राह्मणात तर पुरुषव्याघ्र अरण्यातल्या अस्वलांच्या, चोरांच्या आणि लुटारूंच्या पंगतीत बसतो. इथे ‘वाघासारखा शूर’ हा अर्थ बसत नाही. जो माणूस आहे आणि वाघही आहे, त्याची भीती इथे आहे.

‘सारखा’ हा शब्द घातला की ती भीती जाते. व्याकरणाने उपमा दिली आणि रानातला नरव्याघ्र दरबारातले विशेषण झाला. वेर-वुल्फ या समासाला असा व्याकरणकार भेटला नाही. त्याचा विग्रह ‘लांडग्यासारखा माणूस’ असा केला तर शब्दच मरतो. दोन्ही पदे एकाच देहात खरी असली पाहिजेत. ‘नरसिंह’ या शब्दाने आपल्याला ही दुहेरी सवय लावलेली आहेच. खांबातून निघाला तो नर आणि सिंह दोन्ही आहे. शूर माणसाला नरसिंह म्हणतो तेव्हा तो फक्त सिंहासारखा असतो.

चोर-लुटारूंच्या पंगतीवरून आणखी एक. जुन्या नॉर्समध्ये ‘वर्ग’ (आपल्या वर्गाशी त्याचा संबंध नाही) म्हणजे लांडगाही आणि समाजाबाहेर टाकलेला गुन्हेगारही. इंग्लंडात बहिष्कृत माणसाबद्दल ‘त्याने लांडग्याचे डोके धारण केले’ असे कायद्याचे शब्द होते. लांडगा दिसला तर मारावा, तसा तोही दिसेल तिथे मारला तरी चाले. ऋग्वेदातही वाटमाऱ्या शत्रूला वृक म्हटलेले आढळते. पाणिनीने तर शस्त्रावर जगणाऱ्या ‘वृक’ नावाच्या संघासाठी ‘वार्केण्य’ हे रूप सिद्ध करून ठेवले आहे. शस्त्रधारी टोळीला लांडगा म्हणणे, तिने ते नाव मिरवणे आणि गावाने तिला भिणे, हे नरवृकाच्या मुळाशी असावे असे अनेक विद्वानांना वाटते. मलाही ते पटते.

६. ग्रीकांनी त्याला वैद्याकडे नेले.

ग्रीक ‘लुकान्थ्रोपोस’ मध्ये पदांचा क्रम उलटा आहे, आधी लांडगा आणि मग माणूस. समासाचा भर शेवटच्या पदावर, म्हणून हा मुळात माणूसच. पांफिलियातल्या सीदे गावचा वैद्य मार्सेलस दुसऱ्या शतकात या विकाराबद्दल लिहून गेला. त्याचे म्हणणे सहाव्या शतकातल्या एशियसच्या ग्रंथात टिकले. रोगी फेब्रुवारीत रात्री बाहेर पडतात, लांडग्यांचे किंवा कुत्र्यांचे अनुकरण करतात, उजाडेपर्यंत थडग्यांभोवती घोटाळतात. चेहरा फिका, डोळे कोरडे, जीभ सुकलेली, तहान न भागणारी, आणि ठेचकाळून ठेचकाळून नडग्यांवर न भरणाऱ्या जखमा. निदान : विषाद. नडग्यांवरच्या त्या जखमा लिहून ठेवणाऱ्या वैद्याबद्दल मला आदर वाटतो. गावाने ज्याच्यावर दगड उचलले असते त्याच्या पायांकडे त्याने पाहिले.

हेरोडोटसने याआधी सहाशे वर्षे न्यूरी नावाच्या जमातीबद्दल लिहिले होते की तिथला प्रत्येक माणूस वर्षातून एकदा काही दिवस लांडगा होतो, असे सिथियात सांगतात. सांगणारे शपथ घेतात, पण आपला विश्वास नाही, असेही त्याने तिथेच नोंदवले.

ग्रीक शब्द सिरियाकमधून अरबीत गेला आणि ‘कुत्रुब’ झाला, असे मानतात. इब्न सीनाच्या वैद्यकग्रंथात कुत्रुब हा विषादाचाच एक प्रकार आहे. त्याने नाव मात्र निराळे समजावले: पाण्याच्या पृष्ठावर दिशाहीन पळणारा एक किडा असतो, रोगी तसाच एका जागी ठरत नाही. या वाटेवर लांडगा पूर्ण गळून पडला आणि अस्वस्थ फिरणे तेवढे उरले. बसऱ्याचा व्याकरणकार मुहम्मद इब्न अल्-मुस्तनीर (मृत्यू ८२१) हा कुत्रुब याच नावाने ओळखला जातो. गुरू सीबावैह पहाटे दार उघडत तेव्हा हा शिष्य आधीच उंबऱ्याशी उभा असे. ते म्हणाले, तू तर रात्रीचा कुत्रुब आहेस. व्याकरणासाठी पहाटे येऊन उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला नरवृकाचे नाव मिळाले, आणि ते बाराशे वर्षे टिकले.

७. कातडे उलटते, कपडे कुठे ठेवले ते महत्त्वाचे.

लॅटिनमध्ये माणूस आणि लांडगा दोघेही शब्दातून गेले आणि उरली फक्त क्रिया: ‘वेर्सिपेलिस’, कातडे उलटणारा. नाटककार प्लाउटुसने हे विशेषण रूपे पालटणाऱ्या ज्युपिटरला लावले. पुढे कावेबाज माणसालाही ते लागू झाले. पेत्रोनियुसच्या गोष्टीत एक सैनिक थडग्यांपाशी कपडे उतरवतो, त्यांभोवती मुततो, लांडगा होऊन पळतो, आणि मागे कपड्यांचा दगड झालेला असतो. प्लिनीने आर्केडियातली कथा दिली, तिच्यात निवडलेला माणूस कपडे ओकाच्या झाडाला टांगून तळे पोहून जातो आणि नऊ वर्षे लांडगा राहतो. कथा देऊन प्लिनीने तिथेच ग्रीकांच्या भोळेपणाबद्दल आश्चर्यही व्यक्त केले.

सगळ्या गोष्टींत जीव कपड्यांत अडकलेला आहे. बाराव्या शतकात मारी द फ्रान्सने ‘बिस्क्लाव्रे’ नावाचे कथाकाव्य रचले. ब्रिटनीतला एक सरदार आठवड्यातून तीन दिवस लांडगा होतो. कपडे कुठे लपवतो हे तो पत्नीला विश्वासाने सांगतो आणि ती ते चोरवते. तो अडकतो. शेवटी राजाच्या दरबारात कपडे परत मिळतात, पण सर्वांसमोर तो त्यांना हात लावत नाही. त्याला शयनगृहात एकटे सोडावे लागते. लांडग्याला लाज आहे, म्हणजे आत माणूस आहे. मारीने ही एक गोष्ट इतकी नेमकी पकडली आहे की तिच्यापुढे बाकीच्या सगळ्या नरवृककथा मला ओबडधोबड वाटतात.

‘बिस्क्लाव्रे’ हा ब्रेटन शब्द. त्यात ‘ब्लेइझ’ म्हणजे लांडगा आहे यावर फारसा वाद नाही. दुसऱ्या पदाबद्दल दोन मते आहेत: ‘बोलणारा’ किंवा ‘विजार घातलेला’. कथा वाचल्यावर दुसऱ्या मताकडे मन झुकते.

स्लाव्ह भाषांतल्या ‘व्ल्कोद्लाक’, ‘वुकोद्लाक’ या शब्दांत ‘द्लाका’ म्हणजे केस, लव; लांडग्याच्या केसांचा. रशियनमध्ये दुसरा शब्द आहे ‘ओबोरोतेन’, उलटलेला. आर्मेनियन ‘मार्दगायल’ मध्ये गायल म्हणजे लांडगा आणि मार्द म्हणजे माणूस, मर्त्य. फारसीतून मराठीत आलेला ‘मर्द’ याच कुळातला. आर्मेनियात मात्र हा मर्द बहुधा स्त्री असते, सात वर्षे लांडग्याचे कातडे पांघरण्याची शिक्षा झालेली.

८. विसरलेला लांडगा पुन्हा जोडला.

फ्रेंच ‘लू-गारू’ विषयी. फ्रँक लोकांचा ‘वेरवुल्फ’सारखा शब्द गॉलमध्ये आला. जर्मानिक ‘व’ चा फ्रेंचमध्ये ‘ग’ होतो, जसे ‘वॉर’चे ‘गेर’. म्हणून गारू. ‘गार’ म्हणजे वेर, आणि शेवटचा ‘ऊ’ एवढाच वुल्फचा अवशेष. बोलणाऱ्यांना गारूत लांडगा ऐकू येईना, म्हणून त्यांनी पुढे ‘लू’ म्हणजे लांडगा लावला. अर्थ झाला लांडगा-माणूस-लांडगा. आपण ‘पिवळा पीतांबर’ म्हणतो, तसेच.

९. बाल्कनात तो ग्रहण झाला, मग प्रेत.

१२६२ साली इलोवित्सा इथे नकललेल्या सर्बियन धर्मसंहितेत निषेधाच्या सुरात एक नोंद आहे. ढगांना पळवणाऱ्यांना खेडूत वुकोद्लाक म्हणतात, आणि ग्रहण लागले की वुकोद्लाकांनी चंद्र खाल्ला किंवा सूर्य खाल्ला असे म्हणतात. रुमानियन ‘व्हर्कोलाक’ अजून चंद्र खातो. राहू-केतूंच्या कथेवर वाढलेल्यांना यात नवल वाटणार नाही. यास्काने चंद्राला वृक म्हटले, इथे वृक चंद्राला गिळतो.

पुढे याच शब्दाने सर्बियात थडग्यातून उठणारे प्रेत दाखवले जाऊ लागले. ग्रीकांनी तो ‘व्रिकोलाकास’ असा उसना घेतला तेव्हा त्यात लांडगा उरलाच नव्हता. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ तूर्नफोर याने मिकोनोस बेटावर असा एक घबराटीचा प्रसंग स्वतः पाहिला. लोकांनी प्रेताचे हृदय काढले, तरी भीती जाईना. शेवटी १७०१च्या आरंभी प्रेत जाळले. लुकान्थ्रोपोस हा शब्द ज्यांनी घडवला, त्यांच्याच वंशजांनी स्लाव्हांकडून वृक परत घेतला, आणि तो त्यांना ओळखू आला नाही. माणूस मरून ‘वीर’ होतो आणि गावाला भिववतो, ही कोकणातली समजूत इथे आठवते. नरवृकाच्या दोन्ही पदांना वेगवेगळ्या मुलखांत भुताचाच अर्थ मिळाला.

१०. लांडगा नसलेल्या बेटांवरही शब्द पोचला.

फ्रेंच जहाजांबरोबर लू-गारू उष्ण कटिबंधात गेला. कॅरिबियन बेटांवर लांडगा नाही. हैतीत ‘लुगावू’ म्हणजे बहुतेकदा एक बाई, जी रात्री कातडे उतरवून ठेवते, उडते आणि लेकरांचे रक्त शोषते. त्रिनिदादमध्ये ‘लागाहू’, लुइझियानात ‘रुगारू’. जनावर मागे राहिले, कातडे तेवढे सोबत आले.

मॉरिशसमध्येही तो गेला. त्या बेटावर माणूस येण्याआधी वटवाघळांखेरीज जमिनीवरचे सस्तन प्राणी नव्हतेच. तिथे मराठी माणसांची वस्ती एकोणिसाव्या शतकापासून आहे. आपल्या मुलखातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्यांचे ते वंशज. घराबाहेर तेही क्रिओल बोलतात, आणि क्रिओलमध्ये शब्द आहे ‘लुगारू’. फेब्रुवारी १९९४ मध्ये हॉलांडा चक्रीवादळाने वीज गेली, बेट अनेक रात्री काळोखात राहिले आणि एक लुगारू हिंडतो आहे अशी आवई उठली. लोकांनी त्याला नाव दिले ‘तूनी मिन्वी’: मध्यरात्रीचा नागडा. अंगाला तेल फासलेला, हाती न लागणारा. पुन्हा कपडे नसलेला माणूस.

त्या रात्री दारे लावून बसलेल्या एखाद्या मराठी घरातही लुगारू हा शब्द उच्चारला गेला असेल. ‘लू’, तो वृक. शेवटचा ‘ऊ’, तोही वृक. आणि मधला ‘गार’, तो वीर; घरातल्या कोणाच्या तरी नावातही असेल असा.